कुटकीची चव

"धाकटे, ये गं, कुटकी आलीय!" मामंजींनी दुकानातून हाक मारली आणि मी आतल्या खोलीत बत्ता खलात दाणकन आपटला.

थोरली मी. आमच्या जडीबुटीच्या दुकानात कुटकीचं नवं पोतं उघडलं की सासरे एक तुकडा स्वतः चघळायचे आणि एक मला द्यायचे. कावीळ म्हणा, जुना ताप म्हणा, मेलेली भूक म्हणा, ही मुळी सगळ्यांवर चालते. पण कडूपणा उतरला की नुसतं लाकूड! "कडू आहे असं तर विकणाराही सांगतो," असं ते म्हणायचे. मी ती कडूजहर मुळी चावायची आणि चेहऱ्यावरची रेष हलू द्यायची नाही. "थोरलीची जीभ पोलादी," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. आणि आता? माझी जाऊ, ही काल आलेली पोरगी, तोंड वेडंवाकडं करते, डोळ्यांतून पाणी काढते, आणि हाक तिला! जळफळाट होणार नाही तर काय?

म्हणून आज बशी बाहेर नेताना मी तीत मुद्दाम ज्येष्ठमधाचा तुकडा सरकवला, सालीसकट, तिच्या बाजूला. "गोड लागतंय," म्हणेल आणि होईल फजिती. होऊ दे!

पण बाईसाहेबांना पुळका आला. "जाऊबाई, आधी तुम्ही घ्या ना," म्हणत तिने बशी माझ्याकडे फिरवली, तिची बाजू मामंजींपुढे आली आणि नेमका तोच तुकडा त्यांनी उचलला. आता ओरडणार!

ते शांतपणे चघळत राहिले. नजर धाकटीवर. तिने कुटकी चावली, डोळे घट्ट मिटले, नाक मुरडलं. "ई गं बाई, मेले मी!"

"छान. माल कडक आहे. भरून ठेवा."

बशीत त्यांनी टाकलेला चोथा मी पाहिला. पिवळाधम्मक. ज्येष्ठमधच.

मामंजींची चव गेली होती. कुणाला कळू न देता ते धाकटीच्या तोंडावरून माल पारखत होते. माझ्या तोंडावर त्यांना काय दिसणार होतं, कपाळ!

तरी राग गेला नाही. उलट वाढला. मला सांगायचं होतं ना! मी काय परकी?

दुसरं पोतं उघडलं. "हे मी चाखते," म्हटलं आणि त्यांच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसले. चांगला मोठा तुकडा चावला. कडूपणा पार घशात उतरला. मामंजी माझ्याकडे आशेने बघत होते. मी तोंड वाकडं करायला गेले, पण होईना. ना ओठ हलले, ना भुवया. मेली इतक्या वर्षांची सवय!

"कडू आहे, मामंजी. खूप कडू आहे हो."

"हो, हो," ते म्हणाले. पण नजर माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधतच राहिली. मग माझ्या मनाला लागू नये अशा बेताने, हळूच म्हणाले, "धाकटे, जरा तूही बघ गं."

मी स्टुलावरून उठले आणि तिला बसायला जागा करून दिली.