समोरच्या दाराची किल्ली

दुपारी मशीन थांबवलं की समोरच्या घरातून मावशी मला हाक मारते. तिला पुरून महिने लोटले, तरी मारते. मी कपडे शिवणारी बाई, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण मशीन थांबवायला मन धजत नाही.

ते मुसलमान, आम्ही ख्रिस्ती. मध्ये फक्त जिना. मावशीला दमा, त्यात ती ठार बहिरी. समोर तोंड करून बोललं तरच तिला कळायचं. दार ठोठावून उपयोग नाही, म्हणून तिच्या मुलानंच मला किल्ली दिलेली. तो आणि सून कामावर गेले की मी जाऊन तिला औषध द्यायची. ती माझ्या शिवणाला नावं ठेवायची, मी तिच्या चहाला.

मग निवडणूक आली. आमचा पुढारी त्यांना साप म्हणाला. त्यांचा पुढारी म्हणाला, यांना घरात घेऊ नका, गळे कापतील. टाळ्या दोन्हीकडे तेवढ्याच पडल्या. आग लागो त्या जिभांना! मुलगा तसा गरीब स्वभावाचा, पण धास्तावला. त्यानं गुपचूप कुलूप बदललं. माझ्याकडून किल्ली परत मागायची त्याला लाज वाटली, आणि आईला सांगितलं असतं तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. मला एवढंच म्हणाला, की आईला आता बरं आहे, काकू, तुम्ही नका त्रास घेऊ.

काही दिवसांनी दुपारी मावशीची हाक आली. मी धावले. किल्ली आत गेली, पण फिरेना. मी मुठीला हिसके देत राहिले.

आतून, अंथरुणावरून, ती धापा टाकत म्हणाली, "मूठ हलताना दिसतेय गं. उघड ना."

कुलूप बदललंय म्हणून मी घसा फाटेस्तोवर ओरडले. तिला कुठलं ऐकू येतंय!

थोड्या वेळानं ती म्हणाली, "तूसुद्धा त्या पुढाऱ्यांचं ऐकायला लागलीस?"

माणसं जमवून दार फोडेपर्यंत ती गेली होती.

घर नातेवाइकांनी भरलं. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. शेजारीण दाराशी होती, मग उघडलं का नाही, अशी कुजबुज सुरू झाली. कुलूप बदललं होतं, हे मी सांगून कुणाला पटणार नव्हतं. त्यानं सांगायला हवं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले.

त्याच्या मामानं विचारलं, "हिच्याकडे किल्ली होती ना?"

"होती," तो जमिनीकडे बघत म्हणाला. कुलपाचं नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुढाऱ्यानं भरसभेत मावशीला स्वतःची आई म्हटलं आणि मला तिची मारेकरीण. लोक रडले. मीही रडले, दाराला आतून कडी घालून.