मौनीबाबांनी बांधलेली जीभ

गाडी उतारावरून खाली आली, कोपऱ्यावर थांबली आणि किंचाळली नाही.

गल्लीतल्या तीस-चाळीस माणसांनी एकदम श्वास सोडला. शिलाईवाल्या काकूंनी हात जोडले. कालपर्यंत ब्रेक लावला की ही गाडी अशी ओरडायची, की समोरच्या गच्चीवरची कबुतरं घर बदलायच्या विचारात होती.

"पिशाच्चाची जीभ बांधली," मौनीबाबा म्हणाले.

मौनीबाबा मौनी होते म्हणजे ते इतरांना गप्प करत. स्वतः उठल्यापासून बोलत. आजवर त्यांनी एक पंखा, दोन पाण्याचे पंप आणि एका सुताराची सासू गप्प केली होती. सासूचं श्रेय जरा वादग्रस्त होतं. ती त्या दिवशी दुसऱ्या लेकीकडे गेली होती, असंही काही जण म्हणत.

विधी सोपा होता. मागचं एकेक चाक काढायचं, कारण पिशाच्चाला बाहेर पडायला वाट हवी. मग बाबा अंगावर चादर घेऊन आत डोकं घालणार आणि बाकी सगळे पाठ करून उभे राहणार. "बघेल त्याची दृष्टी जाईल," बाबांनी बजावलं होतं. गर्दीत दृष्टीच्या धंद्यातली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे गाडीमालक दादाची धाकटी बहीण. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, म्हणून तिला सगळे चष्मेवाली म्हणत. तिने वळून बघितलं. चादर दिसली. दृष्टी शाबूत राहिली.

"दादा, तुझे ब्रेक पॅड झिजलेत," ती त्याच दिवशी म्हणाली.

"आवाज गेला ना? मग विषय संपला."

"आवाज गेला म्हणून पॅड परत उगवले का?"

"तुला ना, प्रत्येकाचा नंबर काढायची सवय लागलीय."

आठवडाभर हेच. जेवताना हेच, फोनवर हेच. वहिनी रोज सकाळी पोरीला मागच्या सीटवर बसवून तोच उतार उतरायची आणि चष्मेवाली खिडकीतून गाडी थांबेपर्यंत बघत राहायची. शेवटी रविवारी ती नवे पॅड घेऊन आली आणि दादाने गाडीची किल्ली देईपर्यंत दारातच फतकल मारून बसली.

पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला. गाडी जॅकवर चढवून खाली स्टँड दिला, मागचं एक चाक काढलं. दोन बोल्ट सोडवून पॅड आवळून धरणारा कॅलिपर सुटा केला आणि ब्रेकच्या नळीला ताण नको म्हणून तारेने टांगला. इथवर सगळं सुरळीत झालं. आता पॅडला ढकलणारा दट्ट्या आत दाबायचा, म्हणजे नव्या जाड पॅडना जागा होईल.

दट्ट्या आत जाईना.

तिने शिकंजा लावून आवळला. नाही. शेजारच्या व्यायामशाळावाल्याने आवळला. त्याच्या मानेची शीर फुगली, दट्ट्या होता तिथेच. तासभर गेला. गल्ली पुन्हा जमली.

"बांधलेलं सोडवायला निघाली," काकू म्हणाल्या.

"मी सांगितलं होतं," दादा म्हणाला. त्याने काहीही सांगितलं नव्हतं.

एवढ्यात मौनीबाबाही आले. "आमचं एक शस्त्र इथे राहिलंय का?" असं विचारत होते, पण गर्दी दिसताच विषय बदलला. "माझं बंधन आहे ते. माणसाच्या जोराने हलायचं नाही."

चष्मेवालीने पाना आपटला. हात काळे, कंबर धरलेली, आणि वर हे. तिला रडू येत होतं. बाबांसमोर रडायचं नाही म्हणून ती दट्ट्याकडेच रोखून बघत बसली. त्याच्या तोंडावर समोरासमोर दोन खाचा होत्या.

नुसतं दाबायच्या वस्तूला खाचा कशाला पाडतील? खाचा असतात स्क्रूला.

"वहिनी, निमुळती पक्कड आहे का घरात?"

"आपली नाही," वहिनी म्हणाली, "पण त्या दिवशी बाबांनी पांघरलेली चादर धुवायला घेतली, तेव्हा त्यात एक निघाली." तिने फडताळातून पक्कड आणून दिली.

मौनीबाबा खोकले.

चष्मेवालीने पकडीची टोकं खाचांत घातली, आणि दाबत दाबत घड्याळाच्या काट्यांसारखं फिरवलं. दट्ट्या मुकाट्याने आत गेला.

"हँडब्रेकसाठी याच्या आत आटे आहेत," ती म्हणाली. "दाबून जाणार नाही, फिरवून जातो. बंधन कसलं आलंय."

मग तिने जुना पॅड उचलून दादाच्या हातात दिला. घासणारा थर पोस्टकार्डाएवढा उरला होता. कडेला पत्र्याची एक छोटी पट्टी होती, मागे मुडपलेली, तिच्यावर पकडीच्या दातांचे ओरखडे. शेजारी तिने नवा पॅड धरला. त्याची पट्टी सरळ होती.

"ही जीभ. थर संपत आला की ही चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासते आणि ओरडते. मुद्दाम तशी बनवलेली असते. बाबा खोटं बोलले नाहीत, दादा. त्यांनी खरंच जीभ बांधली."

दादा बराच वेळ पॅडवरून अंगठा फिरवत राहिला. "हे संपलं असतं तर?"

"मग लोखंडावर लोखंड. उद्या नाही तर परवा, उतारावर. आत पोरगी."

वहिनीने पॅड त्याच्या हातातून घेतला, बघितला आणि काकूंच्या हातात दिला. तो गर्दीभर फिरला.

"एवढंच करा," चष्मेवाली सगळ्यांना म्हणाली. "काही ओरडायला लागलं, की त्याला गप्प कोण करेल ते शोधू नका. ते का ओरडतंय ते विचारा. आणि कोणी पाठ करा म्हणालं, तर वळून बघा. डोळे जात नाहीत. गेलेच तर माझं दुकान आहे."

"माझी पक्कड," मौनीबाबा हळूच म्हणाले.

"दुसरं चाक राहिलंय. बसा."

ते पायरीवर बसले. दुसरं चाक झालं, ब्रेकचं पेडल दाबून दाबून घट्ट झालं, दादा सावकाश चक्कर मारून परत आला. एवढ्या सगळ्या वेळात मौनीबाबा एक शब्दही बोलले नाहीत.