पहिल्या रांगेतली खुर्ची आणि काळराणीचं गाणं

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि ते सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही. नाट्यगृहाच्या पहिल्या रांगेत माझी जागा. पाठीवर आकडा रंगवलाय म्हणे. मला वाचता येत नाही. माणसं मोठ्यानं शोधत येतात, त्यावरून कळलं.

सुतारानं मला पक्क्या लाकडाचं अंग दिलं, लोहारानं पोटात स्प्रिंग बसवली. माणूस उठला की माझी बैठक आपोआप वर जाते आणि फाडकन वाजते. तरुणपणी त्याचंही कौतुक होतं. आता कोणी माझ्या हाताखाली च्युइंगगम चिकटवतं, कोणी पेनानं बदाम काढतं. व्यवस्थापक म्हणतो, या म्हाताऱ्या काढून प्लॅस्टिकच्या आणू. आणा की. पंखा जोरात लावला तर उडतील त्या.

परवा इथल्या पोरांनी एक नाटक केलं. गाण्यांचं, पण काळंकुट्ट. एक काळराणी गावातली मुलं उचलून नेते आणि मागे राहिलेले त्या मुलांची नावं घ्यायलाही घाबरतात. काळराणी झाली होती बारकी. तिचा थोरला भाऊ तापानं गेला, तेव्हापासून त्यांच्याही घरात त्याचं नाव निघत नव्हतं. तालमीनंतर माझ्यावर बसून ती मैत्रिणीला म्हणाली होती, "आई मधूनच उठून गेली ना, तर मी पुन्हा गाणार नाही."

शेवटच्या गाण्याआधी वाद्यं थांबायची. त्या शांततेत पोरं एकमेकांचा श्वास ऐकून सूर उचलायची. म्हणून आमचा फाडकन आवाज दबावा यासाठी त्यांनी आम्हा सगळ्यांच्या बैठकीखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. माझा दुसऱ्याच दिवशी गळून पडला. तोंड मिटून बसायची मला सवय नाही.

प्रयोगाला बारकीची आई आली, नणंदेला घेऊन. नेमकी माझ्यावर बसली. नणंद सारखी कुजबुजत होती की झालेलं दुःख उकरायचं कशाला, पोरीला काही कळतं की नाही. आईनं माझे हात घट्ट धरले. वाद्यं थांबली तशी नणंद उठली.

"वहिनी, चला. तुम्हाला नाही ऐकवणार हे."

आई उठली. मी फाडकन वाजले.

बारकीच्या डोळ्यांवर दिव्याचा झोत, तिला रांग दिसेना. आवाज मात्र कळला. तिनं सूर उचललाच नाही. कीबोर्डवरच्या मुलीनं सुरुवात वाजवली, पुन्हा वाजवली. मागं कोणीतरी फिदीफिदी हसलं.

मग आई बोलली, स्वयंपाकघरातून बोलावं तशी.

"बारके, गा. गेले नाही मी. बसवत नाही म्हणून उभी आहे."

नणंद दाराशीच थांबली. मागच्या माणसानं आईला खाली बसायला सांगितलं, तिनं वळूनही पाहिलं नाही. बारकी गायली. गाण्यात काळराणी नेलेल्या मुलांची नावं एकेक करून घेते. त्यात एक नाव नाटकात लिहिलेलं नव्हतं. ते तिनं घेतलं. खालून आईनं तेच नाव पुन्हा घेतलं, तिच्याहून मोठ्यानं.

व्यवस्थापक म्हणतो, या खुर्चीनं विचका केला, आधी हिलाच काढा. बघू कोण काढतं. मित्रांनो, माझ्या स्प्रिंगला थेंबभर तेल घाला, लाकूड पुसा, मी अजून पुष्कळ माणसं पेलीन. पण मला मुकी करू नका. आणि तुमच्या घरात एखादं नाव असं दडपून ठेवलं असेल, तर इथं येऊन घ्या. कोणी बसलेलं असो वा नसो, ऐकायला मी आहे.