ते मासे मी टिपले नव्हते

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगराला औरंगाबाद म्हणत तेव्हा मी तिथल्या एका छोट्या वृत्तवाहिनीत आलो. उमाताई बातमी शोधायच्या आणि लक्ष्मण मला खांद्यावर घ्यायचा. लासूर स्टेशनचा कांद्याचा लिलाव असो की वैजापूरचा मोर्चा, आम्ही तिथे हजर असायचो.

पुढे कंपन्यांकडून तयार कॅसेटी येऊ लागल्या. चकचकीत चित्रं, सोबत लिहिलेली बातमीसुद्धा! संपादक मुकुंदराव खूश झाले. मी काचेच्या कपाटात पडून राहू लागलो. समोरच्या पडद्यावर मात्र ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असंच झळकायचं. मला ते खटकायचं. कोणी गेलंच नव्हतं, मग हा प्रतिनिधी कोण?

एकदा एका रंगाच्या कारखान्याची कॅसेट लागली. सांडपाणी शुद्ध करून भरलेलं निळंशार तळं आणि त्यात पोहणारे मासे. बातमी उमाताईंनीच वाचली. दोनेक दिवसांनी कारखान्याशेजारच्या वस्तीवरच्या द्वारकाबाई पिवळ्या पाण्याची बाटली घेऊन आल्या.

“ताई, हे आमच्या विहिरीचं पाणी हाय,” त्या म्हणाल्या. “लेकरांच्या अंगावर फोड आलेत. तहसिलातले साहेब म्हणत्यात, टीव्हीत तर मासे पोहत्यात. आमचं कुणी ऐकंना.”

उमाताईंचा चेहरा उतरला. तिथे जायला मुकुंदराव नको म्हणत होते. कारखान्याची जाहिरात तुटेल, ही त्यांना धास्ती.

“सर, ते तळं आपल्यापैकी कोणी पाहिलंय का?” उमाताईंनी विचारलं.

“जा, बघून या,” मुकुंदराव म्हणाले. लक्ष्मणनं माझ्यावरची धूळ पुसली.

कारखान्यामागे तळं नव्हतंच. एक उघडा नाला विहिरीच्या दिशेनं उतरत होता. वास असह्य होता, तरी लक्ष्मणनं मला हलू दिलं नाही. त्या संध्याकाळी ते सगळं पडद्यावर दिसलं. वस्तीवर टँकर सुरू झाला, पाण्याचे नमुने तपासणीला गेले, लेकरांना दवाखान्यात नेलं. नाला बंद व्हायला मात्र वर्ष लागलं. जाहिरात गेली ती गेलीच. आणि ते माशांचं तळं कुठलं होतं, हे कारखान्यानं कधीच सांगितलं नाही.

आता माझी बटणं अडकतात, काच धुरकट झाली आहे. मित्रांनो, मला जपून ठेवलंत तर आनंदच वाटेल. पण बातमीतलं चित्र फारच देखणं दिसलं, तर ते कोणी टिपलं आणि कोणी पाठवलं, हे जरूर विचारा. कॅमेरा खोटं बोलत नाही, असं लोक म्हणतात. तुम्ही माझ्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मला जिकडे धरतात, तेवढंच मला दिसतं.