पान एकशे बारा

ते आंतरदेशीय पत्र मला एकोणीसशे ब्याण्णवच्या मार्चमध्ये आलं, आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही. अक्षर नूरबानू वहिनींचं, मजकूर त्यांच्या नवऱ्याचा, मैनुद्दीनचा. मैनुद्दीन टांगा चालवायचा. त्याला मराठी लिहिता येत नव्हतं. वहिनी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकल्या होत्या.

त्याआधी वर्षभर मी छापखान्यातून सुटलो की त्याच्या टांग्यात पुढे, त्याच्या शेजारी बसायचो. दिवसभर इतरांची मुद्रितं तपासायचो आणि डोक्यात माझी स्वतःची एक कादंबरी होती : पेशवाईत उत्तरेच्या सरहद्दीवर चौकी ते चौकी घोडा पळवत टपाल नेणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांची. मला घोड्यातलं काहीच कळत नव्हतं. मैनुद्दीनने अंगाला खरारा करण्यापासून खुराला नाल ठोकण्यापर्यंत सगळं शिकवलं. मला तो मास्तर म्हणायचा. मी मास्तर नव्हतो, पण तेही मी कधी सांगितलं नाही.

कादंबरी छापून आल्यावर एक प्रत मी त्याला पाठवली होती. पत्रात होतं : "मास्तर, बुक वाचून घेतलं. चांगलं झालंय. पण पान एकशे बारावर तुमचा पोरगा दहा कोस पळालेला घोडा थेट हौदावर नेतो आणि पोटभर पाणी पाजतो. घोडा मरेल. आधी फिरवायचा, घाम सुकू द्यायचा, मग थोडं थोडं पाणी. हे मी सांगितलं होतं. पुढच्या छपाईत सुधारा."

त्याखाली वहिनींनी स्वतःच्या मनाने लिहिलं होतं : "मोतियाला विकलं. रिक्षांपुढे धंदा राहिला नाही. हे घरात कुणाशी बोलत नाहीत. तुम्ही आलात तर बोलतील."

मोतिया म्हणजे त्याची पांढरी घोडी.

त्याने सांगितलं होतं हे खरंच. लिहिताना मला आठवतही होतं. पण स्वतः तहानलेला पोरगा आधी घोड्याला पाजतो, हे मला फार सुंदर वाटलं. आता कुठल्या तोंडाने जायचं? दुसरी आवृत्ती निघाली की दुरुस्त प्रत घेऊनच जाऊ, असं ठरवलं. आवृत्ती निघाली नाही. एक वर्ष गेलं, मग पाच, मग इतकी की मोजायची लाज वाटू लागली. दोन वर्षांपूर्वी मंडईतल्या चहावाल्याने सांगितलं, मैनुद्दीन गेला. वहिनी कात्रजला मुलाकडे, कामरानकडे असतात. पत्ता चहावाल्यानेच वहीच्या कागदावर लिहून दिला. मी तो खिशात ठेवला.

यंदा सदाशिव पेठेतल्या एका कॉलेजने कादंबरी अभ्यासाला लावली आणि दुसरी आवृत्ती अचानक निघाली. मुद्रितं माझ्याकडेच आली. एकशे बारा पानावर पेन्सिल थांबली. मलपृष्ठावर एका समीक्षकाने नेमक्या त्याच प्रसंगाचं कौतुक केलेलं होतं. मी काही न सुधारता पान उलटलं.

गेल्या गुरुवारी त्या कॉलेजच्या श्रद्धा मॅडमनी मला वर्गात बोलावलं. "सर, आपण फक्त बसा. मुलंच बोलतील." मी मागच्या बाकावर बसलो.

"मला पाण्याचा सीन आवडला," शंभू नावाचा मुलगा म्हणाला. "लिटरली रडलो यार मी. स्वतः तहानलेला, तरी आधी घोडा."

"रडलास? मेस बंद होती त्या दिवशी रडला होतास तू," शेजारची मिसबा म्हणाली.

वर्ग हसला. खिडकीजवळची दीपमाला हसली नाही. ती वर्ध्याकडची. "मॅडम, आमच्याकडे बैल घामेघूम असला तर माझे बाबा त्याला लगेच पाणी दाखवत नाहीत. घोड्याचं तर पोटच नाजूक. या पोराने प्रेमाने घोडा मारला असता."

"म्हणजे लेखकाने घोडा फक्त लग्नाच्या वरातीत पाहिलाय," शंभू म्हणाला, आणि मग मी मागे आहे हे आठवून त्याने जीभ चावली. "सॉरी सर!"

मला उठायचं नव्हतं. पण उठलो होतो.

"ती खिडकीजवळची मुलगी बरोबर बोलतेय," मी म्हणालो. "मला हे सांगितलेलं होतं. मैनुद्दीन नावाच्या टांगेवाल्याने. मी मुद्दाम चुकीचं लिहिलं. छान वाटावं म्हणून."

"मग ते रागावले असतील," मिसबा म्हणाली.

"नाही. पत्र पाठवलं. त्याने घोडी विकली होती. त्याच्या बायकोने लिहिलं होतं, या, तुमच्याशी बोलतील."

"मग काय बोलले ते?"

"मी गेलोच नाही. आता तो नाही," म्हणालो आणि खाली बसलो. श्रद्धा मॅडमनी पाण्याची बाटली पुढे केली. मी "नको" म्हणालो.

मिसबा बाकाशी आली. माझ्या खिशातला कात्रजचा पत्ता तिला माहीत नव्हता. ती एवढंच म्हणाली, "त्यांच्या बायको आहेत ना अजून?"

"आहेत."

घरी जाऊन मी लिहायला बसलो. पहिल्या कागदावर माफी फार झाली, दुसऱ्यावर कादंबरी फार झाली. दोन्ही फाडले. तिसरा मोठ्या अक्षरात, एकेक ओळ सोडून लिहिला. वहिनींचे डोळे आता कसे असतील कोण जाणे.

"वहिनी, तुमच्या दोन ओळी मी त्याच दिवशी वाचल्या होत्या. पाण्याची चूक माझी, आणि ती मला माहीत होती. पण ती चूक सुधारून मगच यायचं, असं म्हणत मी बसलो. मैनुद्दीनला दुरुस्त पुस्तक नको होतं, शेजारी बसणारा माणूस हवा होता. तुम्ही बोलावलंत आणि मी आलो नाही. आता तो बोलणार नाही. तुम्ही रागावणार असाल तर ते ऐकायला येईन. नको म्हणालात तर येणार नाही."

शुक्रवारी सकाळी टपालपेटीपाशी उभा राहिलो. पाकीट फटीत अर्धं गेलं आणि हात सुटेना. मागे हातात दोन पाकिटं घेऊन एक बाई उभ्या होत्या. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली.

"अहो आजोबा, टाकताय की परत वाचायला नेताय?"

मी बोटं सोडली.