सत्यवादी चहा

थंडीची सकाळ असूनही चौकात इतकी गर्दी लोटली होती, की मुंगीला शिंकायचं झालं तरी आधी रांग लावावी लागली असती. मधोमध बसले होते खडेबाबा. पुढ्यात बूच लावलेल्या काचेच्या कुप्या, प्रत्येकीत एक पांढरा खडा.

"मुठीत धरा! खऱ्याच्या हातात दगड पाघळतो, खोट्याच्या हातात हटून बसतो!"

न्हावी खरा ठरला. शिंपी खरा ठरला. जन्मात एकदाही खरं न बोललेला घरांचा दलालसुद्धा खरा ठरला, तेव्हा मावशींच्या मनात पाल चुकचुकली.

मावशी साबणाच्या कारखान्यात सुगंध मिसळायच्या. नाक असं, की शेजारणीचं दूध उतू जाण्याआधीच यांना करपल्याचा वास यायचा. आज मात्र जिवाला घोर होता. भाचीच्या सासूची बांगडी हरवली होती, आणि सासूनं सुनेला बजावलं होतं, "खडा वितळला नाही, तर माहेरची वाट धर."

भाची बर्फाच्या कारखान्यातली पाळी संपवून थेट आली. तिनं मूठ मिटली. दहा मिनिटं गेली. खडा ढिम्म.

"चोर!" सासू किंचाळली.

मावशींनी कुपी घेतली, बूच काढून हुंगलं. संत्र्याच्या फुलांचा गोडवा, मागून कडू बदाम. "अगंबाई, हा तर आमच्या पिंपातला!"

"भस्म व्हाल, बाई!" बाबा गरजले.

"होईन की. आधी चहा येऊ दे."

टपरीवरचा वाफाळता चहा आला. मावशींनी बूच घट्ट लावून कुपी त्यात बुडवली. खड्याचं पाणी!

"घ्या, चहा सत्यवादी. बांगडी यानं चोरलेली नाही."

हशा पिकला. मग न्हाव्यानं बाबांचं मनगट धरलं, भाचीनं कारखान्यातून डब्यात आणलेला बर्फ त्यांच्या तळहातावर पाच मिनिटं दाबला आणि नवी कुपी दिली. खडा हलेना.

"बाबा, बांगडी कुठं ठेवलीत?" शिंप्यानं विचारलं.

मावशी म्हणाल्या, "हा ॲसिटोफिनोन, साबणात घालायचं सुगंधी द्रव्य. विसेक अंशांखाली गोठतो, वर वितळतो. थंडीत आमचं पिंप गोठतं, तेव्हा ते आम्ही गरम पाण्यात उभं करतो. त्याच्या चारित्र्याची चौकशी करत नाही."

सासूनं बिचकत सुनेचा हात धरला. "केवढा गार गं!"

"रोज असाच असतो, सासूबाई. तुम्ही कधी धरलाच नव्हता."

मावशींनी कुपी खाली ठेवली. "चमत्कार दिसला की आधी कारण शोधा, मग माणसाला नावं ठेवा. आणि वस्तू हरवली तर घर झाडा!"

घर झाडलं. बांगडी सासूच्याच उशीच्या अभ्र्यात निघाली.