पडणारी बिरिला

देल्फिना शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती. हातातली ताटल्यांची चळत तिच्या हनुवटीला टेकली होती. खालून मालक बोंजोआन्नी ओरडले, "सोड!" आणि तिने ती सोडली.

ताटल्या फरशीवर खळ्ळकन फुटल्या. स्टुडिओचं छत काचेचं, त्यामुळे आवाज चहूकडून घुमून परत आला. आता टेबलापाशी सूप पीत बसलेल्या एवाझिओने, म्हणजे चित्रपटातल्या तिच्या नवऱ्याने, उठून कपाळावर हात मारायचा आणि तिने शिडीसकट त्याच्या अंगावर कोसळायचं, असं ठरलं होतं. पण खुर्चीवर एवाझिओ नव्हताच. तो टेबलाखाली होता. गळ्यात रुमाल तसाच, दोन्ही हात डोक्यावर, आणि ओढल्या गेलेल्या टेबलक्लॉथवरून सूप त्याच्या पाठीवर ठिबकत होतं.

सगळे खो खो हसले. सुतार हसले, रंगारी हसले. कॅमेऱ्याचा दांडा फिरवणारा ओरेस्ते तर हसता हसता फिरवतच राहिला. एवाझिओचा चेहरा फक्त मागच्या बाजूला शिडीवर उभ्या असलेल्या देल्फिनाला दिसला.

आयुष्यात पहिल्यांदाच ती कॅमेऱ्यासमोर शिडीवरून नीट पायांनी उतरली. ओणवी होऊन टेबलाखाली शिरली.

"एवाझिओ, मी आहे रे. फिना. ताटल्या होत्या त्या."

"माहीत आहे." त्याचे दात वाजत होते. "मला माहीत आहे. माझ्या अंगाला माहीत नाही."

वरून मालकांचा आनंदी आवाज आला, "वा रे पठ्ठ्या! टेबलाखाली जायचं कुणी सुचवलं? सोनं आहे, सोनं! पुढच्या चित्राला दुप्पट ताटल्या आणा!"

युद्धाआधी अख्खं तोरिनो शहर या जोडीला ओळखत होतं. देल्फिना सर्कशीतली. बाप कसरतपटू. लेकीला चालायच्या आधी पडायला शिकवलं, असं तो अभिमानाने सांगे. पडद्यावर तिचं नाव बिरिला, चेंडूच्या खेळातल्या लाकडी बाहुलीचं, जी उभी करतात ती पाडण्यासाठीच. ती जिन्यावरून पडे, बग्गीतून पडे, लग्नाच्या केकमध्ये पडे. ट्राममध्ये बायका तिला कोपरखळी मारून विचारत, "काय गं, आज पडणार नाहीस का?" आणि तिच्यामागे हताश होऊन धावणारा तिचा लंबूटांग नवरा म्हणजे एवाझिओ.

तो आघाडीवर निघाला तेव्हा स्टेशनवर तिला म्हणाला होता, "परत आलो की लग्न करू. भांडायची सवय झालेलीच आहे, नवीन काही शिकायला नको." ती हसली. काय उत्तर द्यावं ते सुचेपर्यंत गाडी हलली. मग एका कारखान्यात सैनिकांचे कोट शिवता शिवता तिने ते उत्तर मनात कितीदा तरी देऊन पाहिलं.

तो परत आला, हातापायांनी धड. पण स्टेशनवरचं बोलणं त्याने काढलं नाही, आणि आपणहून विचारायचा तिला धीर झाला नाही.

टेबलाचं चित्र लागलं तेव्हा ती रविवारी दुपारी पोर्ता पालात्सोजवळच्या थिएटरात तिकीट काढून बसली. एवाझिओ टेबलाखाली गेला आणि लोक अक्षरशः लोळले. शेजारची जाडजूड बाई डोळे पुसत तिला म्हणाली, "काय नट आहे हो मेला! किती खरं करतो!"

देल्फिना उठून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी ती मालकांसमोर उभी राहिली. "तो तुकडा कापा, साहेब."

"वेड लागलं काय? लोक त्याच्यासाठीच येतायत!"

"मग मी येत नाही."

"नको येऊस. पडणाऱ्या पोरी काय, पैशाला पासरी मिळतात."

"पडणाऱ्या मिळतील. लोकांना त्या पुन्हा उठाव्यात असं वाटायला हवं ना?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "ताटल्यांशिवाय हसवते मी. एकदा बघा तरी. तो टेबलाखाली जाणार नाही, एवढंच."

मालक कुरकुरले, तुकडा कापला नाहीच, पण पुढच्या चित्राला ताटल्या आल्या नाहीत. त्या हिवाळ्यात बिरिला पिठाच्या ढिगात पडली, पिसांच्या गादीत पडली, चिखलात पडली, एकदा तर दोरा नदीच्या गारठलेल्या पाण्यात पडली आणि आठवडाभर तापाने फणफणली. सुतारांनी आपण होऊन हातोड्यांना चिंध्या गुंडाळल्या. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. एवाझिओ हळूहळू सावरला. दोघं पायरीवर बसून एकाच कागदातली गरम चेस्टनट खात आणि तो जुन्या नकला करी. देल्फिनाला वाटे, हे असंच चालू राहावं, बाकी काही नको.

चित्रं मात्र चालेनात. लोकांना अमेरिकेची नवी चित्रं हवी होती. वर्ष-दोन वर्षांत शहरातले स्टुडिओ एकेक करून बंद पडले, बोंजोआन्नींचाही पडला. शेवटच्या दिवशी दोघं पुलापर्यंत बरोबर चालत आले. तिथे तिने अखेर विचारलं.

"स्टेशनवर काय म्हणाला होतास, आठवतं?"

"आठवतं."

"मग?"

"घरात काही ना काही पडतंच, फिना. झाकण पडतं, दार आपटतं, पोर रडतं. तुला किती वर्षं दबकत चालायला लावू?"

"मला येतं की दबकत चालायला."

"येईल गं. मलाच ते बघवणार नाही. तू अशी दणदणीत पडायचीस!"

तो डोंगरातल्या सूझाच्या खोऱ्यात बहिणीच्या गावी गेला. देल्फिना एका नाटकगृहात नट्यांच्या झग्यांना इस्त्री करू लागली. बोलपट आले. तिच्याकडून झग्यांचे हुक लावून घेणाऱ्या पोरींना बिरिला हे नावही माहीत नव्हतं, आणि तिने सांगितलं नाही. ट्रामवरच्या एका विधुर कंडक्टरने तिला दोनदा मागणी घातली, चांगला माणूस होता. दोन्ही वेळा तिने त्याला कॉफी पाजून परत पाठवलं.

एका फेब्रुवारीत बाजारातल्या चीजवाल्याबरोबर एवाझिओच्या बहिणीचा, चेलेस्तिनाचा, निरोप आला. तो आता खोलीतून बाहेर पडत नाही, एकदा येऊन जा.

देल्फिना पोहोचली तेव्हा चेलेस्तिना दारातच उभी होती. "बरं झालं आलीस बाई. सबंध दिवस त्या खिडकीशी बसतो. माझ्याशीसुद्धा बोलत नाही. एकदम आत जाऊ नकोस हं, दचकतो."

देल्फिना अंगणात खिडकीसमोर जाऊन उभी राहिली. थंडीची दुहेरी तावदानं लावलेली होती. त्यांच्यामागे तो, केस पांढरे, गाल बसलेले. तिने हात हलवला. तो नुसता बघत राहिला, जणू रस्त्यावरून कुणीतरी चाललं आहे.

अंगणात गुडघाभर बर्फ होतं. देल्फिनाने चाळिशी केव्हाच ओलांडली होती आणि कंबर धरत होती. तिने पर्स काखेत मारली, नाक वर केलं आणि मोठ्या घरच्या सुनेसारखी ठुमकत निघाली. चौथ्या पावलाला कशालाच न अडखळता दोन्ही पाय हवेत गेले, टोपी एकीकडे, पर्स दुसरीकडे, आणि बिरिला पाठीवर सपाट. आवाज झाला नाही. ती रागारागाने उठली, बर्फाला बोट दाखवून दम दिला, वळली आणि तोंडावर पडली.

मान वर करून पाहते तो खिडकीत एवाझिओ पुढे झुकला होता. खांदे गदगदत होते, तोंड उघडं होतं, तो कपाळावर हात मारत होता. दोन काचांपलीकडून काहीही ऐकू येत नव्हतं. मानेवरून बर्फ कॉलरमध्ये उतरत होतं, तरी ते हसू संपेपर्यंत ती हलली नाही.

"लागलं का गं?" चेलेस्तिना एप्रनने डोळे टिपत होती.

"छे. मऊ आहे."

तिने टोपी उचलून झटकली. उंबऱ्याशी बुटांवरचं बर्फ झाडायला पाय उचलला, पण आपटला नाही. खाली बसून दोन्ही बूट काढले, भिंतीशी ठेवले आणि ओल्या मोज्यांनी आत गेली.